आवाज भाड्याच्या घरात ठेवणार नाही

प्रिय दादा,

तू फोन उचलत नाहीस आणि मेसेजला नुसता अंगठा दाखवून मोकळा होतोस, म्हणून लिहितेय. कागदाला अंगठा दाखवता येत नाही. निमूट वाच. मधेच तुला "मुद्द्यावर ये" म्हणावंसं वाटेल, पण मी येणार नाही. मुद्दा शेवटी आहे, आणि तिथवर या खेपेला तुला माझ्या वाटेने यावं लागेल.

आधी तुझं श्रेय तुला देऊन टाकते, म्हणजे मग भांडायला मी मोकळी. घशाच्या ऑपरेशनमध्ये ज्यांचा आवाज जाणार आहे, त्यांनी तो जायच्या आधी रोजची वाक्यं रेकॉर्ड करून ठेवायची. पुढे फोनवर बोट ठेवलं की ती त्यांच्याच आवाजात ऐकू यायची. हे ॲप करायला मी आणि मैना बसलो, तेव्हा आमच्याकडे चष्म्याच्या दुकानावरची एक खोली होती. आधी तिथे नाचाचा क्लास असायचा, त्यामुळे भिंतभर आरसे. दिवसभर स्वतःचीच दमलेली तोंडं बघत काम करायचो. मैना वाचादोषांवर उपचार करणारी आणि स्वतःची वाचा कधी बंद न होणारी. हे नाव तूच ठेवलंस तिला. तिसरा आमचा लांब मानेचा उंट, तेही नाव तुझंच, सर्व्हरची सगळी बाजू सांभाळणारा. तू म्हणालास, बॅकएंड तयार मिळतो तो घ्या. लॉगिन, साठवण, सगळं आयतं. लोकांना ॲप हवंय, तुमची कारागिरी नकोय. आम्ही ऐकलं, आणि खरं सांगते, एरवी वर्षभर रखडलं असतं ते काम उन्हाळा सरायच्या आत लोकांच्या हातात पडलं.

आईने तेव्हा मला विचारलं होतं, ते बॅकएंड म्हणजे नक्की काय गं? मी सांगितलं, लोक जेवतात ती पंगत म्हणजे फोनचा पडदा, आणि मागे शिजतं ते स्वयंपाकघर म्हणजे बॅकएंड. मग आई म्हणाली, म्हणजे खानावळीचा डबा लावायचा की घरी चूल मांडायची, एवढाच प्रश्न ना? परीक्षेच्या दिवसांत डबा बराच. पण बाळंतिणीला कोणी डब्यावर ठेवत नाही. मी हसले होते. तूही हसला होतास.

मग लिलाववाल्या काकांचं झालं. ते तुला ठाऊक आहे, पण तुला मी ते फोनवर घाईत सांगितलं आणि तू मधेच "कोणता प्लॅन घेतला होता?" असं विचारलंस. आता नीट ऐक. भाजीच्या घाऊक बाजारात या माणसाने उभं आयुष्य लिलाव पुकारले. कर्ण्याशिवाय अख्खा बाजार ऐकायचा. ऑपरेशनआधी ते आमच्याकडे येऊन इतकं रेकॉर्ड करून गेले की मैनासुद्धा गप्प बसली. एका दुपारी घरात काकू भोवळ येऊन पडल्या, डोकं ओट्याच्या कडेवर आपटलं. काका गॅलरीत धावले आणि त्यांनी "लवकर या, मदत करा" या वाक्यावर बोट ठेवलं. फोनवर नुसतं चक्र फिरत राहिलं. त्या महिन्यात ॲप वापरणारी माणसं वाढली होती, ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त वेळा आवाज मागवले गेले होते, आणि त्या आयत्या सेवेने दार लावून घेतलं होतं. पडद्यावर आलं, 'कृपया थोड्या वेळाने प्रयत्न करा.' काकांनी पितळी घागर उचलून गॅलरीच्या गजांवर आपटायला सुरुवात केली, तेव्हा समोरच्या इमारतीतला माणूस धावत आला. काकू वाचल्या. मी दवाखान्यात भेटायला गेले, तेव्हा डोक्याला पट्टी बांधलेली ती बाई रागावली नाही. तिने फक्त विचारलं, "यांचा आवाज यांचाच ना गं? मग हा मेला फोन परवानगी कोणाची मागत बसतो?"

तू म्हणालास, मोठा प्लॅन घे, दार लागणार नाही. बरोबर होतं. नेहमीची वाक्यं फोनमध्येच साठवून ठेवा म्हणालास, तेही बरोबर, आणि ते आम्ही त्याच आठवड्यात केलंही. पण पाठोपाठ त्यांचे नवे नियम आले. 'आमच्याकडे साठवलेली रेकॉर्डिंग आम्ही आमची सेवा सुधारण्यासाठी वापरू शकतो', असं त्यात गोड भाषेत लिहिलं होतं. दादा, ज्या माणसाकडे आवाज म्हणून तेवढाच उरलाय, तो दुसऱ्याने वापरायचा? त्या दिवशी मी ठरवलं. चूल घरी मांडायची.

पुढचं आईच्या घरी, जेवणाच्या टेबलावर झालं. तू बोट नाचवत म्हणालास, "तीन माणसं आणि स्वतःचा सर्व्हर! लग्न पाहावं करून, घर पाहावं बांधून, हे उगीच म्हटलंय का? तोंडावर पडशील." मी म्हणाले, पडले तर माझ्या तोंडावर पडेन, दुसऱ्याच्या ओंजळीने पाणी पिणार नाही. तू ताटावरून उठलास. पुढच्या महिन्यात उंट तुझ्या कंपनीत लागला. त्याची शिफारस कोणी केली ते मला कळलं नाही, असं समजू नकोस. गेलास तर गेलास, एक उंट घेऊन गेलास, वाळवंट माझ्याकडेच राहिलं ना? ते मी पायी ओलांडलं. सर्व्हरचं काम मी पुस्तकं उघडून, चुकत, लोकांना विचारत शिकले.

आणि हो, तोंडावर पडलेसुद्धा. सगळे आवाज जुन्या जागेवरून आमच्याकडे आणले, त्यात काही खात्यांची अदलाबदल झाली. एका शिक्षिकेने बँकेत फोन पुढे करून "सही कुठे करू?" वर बोट ठेवलं आणि फोनमधून काका गरजले, "एक वार, दोन वार, तीन वार!" सगळी बँक हादरली. बाई बिचाऱ्या लाजून घरी गेल्या. मला मात्र आरशात माझं तोंड बघवेना. तुला कुठून कळलं कोण जाणे, तुझा दोन शब्दांचा मेसेज आला, "सांगितलं होतं." मी फोन उलटा ठेवला आणि मैनाला घेऊन एकेक खातं, एकेक आवाज कानाने ऐकून ताडून पाहायला बसले. दिवस लागले, पण झालं. ती शिक्षिका परत आली. तिने स्वतः आणखी तिघांना आणलं. आता नेट असो नसो, फोन बोलतो. आवाज आमच्या सर्व्हरवर, कुलूपबंद. ज्याचा त्याने मागितला तर तासाभरात हातात, पुसून टाक म्हणाला तर पुसलेला. त्यावर कोणी काही सुधारत नाही. लॉगिनचे निरोप पाठवायला अजून एक आयती सेवा वापरते, तेही सांगून ठेवते. डब्याशी माझं वैर नाही. सगळं डब्यावर सोडण्याशी आहे.

हे सगळं तुला हरवायला लिहीत नाहीये. म्हणजे थोडं आहेच. पण आईच्या वाढदिवसाला तू आलास आणि कोपऱ्यात गरम पाण्याचा पेला धरून बसलास, कोणाची चूक काढली नाहीस, माझीसुद्धा नाही, तेव्हा मला वाटलं, राग अजून गेला नाही. फोन वहिनी उचलायची आणि तू मीटिंगमध्ये आहेस म्हणायची. रविवारीही मीटिंग! मी म्हटलं, बस फुगून.

परवा वहिनी आमच्या खोलीवर आली. चष्मेवाल्याकडे आले होते म्हणाली, पण तिच्या नाकावर जुनाच चष्मा होता. आरशांकडे पाठ करून बसली, पाणी प्यायली आणि हळूच विचारलं, ऑपरेशनच्या किती आधी रेकॉर्ड करायला लागतं गं? कोणासाठी, ते ती बोलली नाही. मग तिला रडू फुटलं, आणि सगळं बाहेर आलं. डॉक्टरांनी तुझ्या घशाच्या ऑपरेशनची दिलेली तारीख, आईला न सांगण्याची तुझी शपथ, आणि तू तुझ्या कंपनीच्या सेवेतून निवडून ठेवलेला तो तयार पुरुषी आवाज, गुळगुळीत, कुणाचाच नसलेला. माझ्याकडे यायचं नाही म्हणून! दादा, बाकी सगळ्यात तुझा मान ठेवीन, यात ठेवणार नाही. त्या आवाजाने तुझ्या लेकीला हाक मारलीस तर ती वळून बघणार नाही. घसा तुझा असेल, पण तो आवाज आमच्याही कानांचा आहे. मंगळवारी सकाळी मी आणि मैना माइक घेऊन तुझ्या घरी येतोय. डॉक्टरांनी बोलायला परवानगी दिली आहे, वहिनीकडून विचारून घेतलंय. लेकीची हाक, आईला द्यायची ओ, वहिनीशी भांडण, माझा उद्धार, सगळं बोलायचं. घसा दुखेल तिथे थांबू, पाणी पिऊ, पुन्हा बसू. दार उघडलं नाहीस तर जिन्यात बसून राहीन आणि शेजाऱ्यांना कारण सांगेन. नाहीच म्हणायचं असेल, तर मेसेज नको. फोन कर आणि स्वतःच्या तोंडाने नाही म्हण. मी तेही रेकॉर्ड करून घेईन.

तुझीच,
न ऐकणारी धाकटी