मागे चार आणि पुढे एक गिअर असलेल्या गाडीची निरवानिरव

मी, खाली सही करणार, धंद्याने वजनकाटे दुरुस्त करणारा, आता निवृत्त, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि स्वतःच्या मर्जीने लिहून ठेवत आहे. माझं डोकं ठिकाणावर आहे. तसा दाखला शेजारच्या डॉक्टरांनी दिला आहे. तो देताना ते हसले, तरी दाखला कायदेशीरच आहे. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. पत्नी समोर मटार सोलत बसली असून "अक्षर नीट काढा" असं सारखं म्हणते आहे, पण याला दबाव म्हणत नाहीत, असा खुलासा वकीलबाईंनी केला आहे.

याआधी केलेलं मृत्युपत्र रद्द समजावं. ते मी धाकट्या मेहुण्यांवर चिडून लिहिलं होतं आणि त्यात मालमत्तेपेक्षा शिव्याच जास्त होत्या.

कलम १. राहतं घर, घरातलं सामान आणि बँकेतली शिल्लक पत्नीची. तिच्या पश्चात मुलगा आणि मुलगी यांनी निम्मं-निम्मं घ्यावं. या कलमात भांडायला जागा ठेवलेली नाही. कोणाला हौस असेल तर पुढे भरपूर आहे.

कलम २. माझी हत्यारं मुलीला. ती दातांची डॉक्टर आहे. बारीक चिमटे तिने आधीच नेले आहेत. ते ती कुठे वापरते हे मी विचारलेलं नाही, तिच्या पेशंटांनीही विचारू नये. मोठा हातोडा मात्र तिने घरीच ठेवावा.

कलम ३. पितळी वजनांची पेटी मुलाला. "बाबा, आता सगळं डिजिटल झालंय, हे कोण विचारतंय?" असं म्हणून त्याने माझं दुकान चालवायला नकार दिला होता. तो चौथ्या मजल्यावर राहतो. लिफ्ट नेहमी बंद असते. पेटी दोन माणसांना उचलत नाही. माझ्या मनात काही राग नाही.

डॉक्टरांना मी एक नवं लोखंडी फाटक देणार होतो; त्यांचं जुनं कसं गेलं ते पुढे येईलच. पण ते या मृत्युपत्राला साक्षीदार आहेत, आणि साक्षीदाराला मृत्युपत्रातून काहीही घेता येत नाही, असं वकीलबाई म्हणाल्या. डॉक्टर म्हणाले, "राहू द्या हो, फाटक नसलं की पेशंट सरळ आत येतात." सबब फाटकाचं कलम खोडलं आहे.

कलम ४. आता गाडी. ही गाडी माझ्या वडिलांनी घेतली. पाठीला पोक, डोळे वटारलेले, इंजिन मागे आणि डिकी पुढे. मनात आलं की रस्त्यात बसायची आणि चार माणसांनी मनधरणी केल्याशिवाय उठायची नाही, म्हणून घरात तिला आत्याबाई म्हणतात. वडील गेल्यावर काही वर्षांनी तिचं इंजिन आतून कायमचं जाम झालं. त्याचे भाग मिळेनात. मी ते उतरवून दिवाणखान्यात ठेवलं आणि वर काच टाकून चहाचं टेबल केलं. आलेला पाहुणा पहिल्यांदा गुडघा आपटून घेतो, मग कौतुक करतो.

पत्नीच्या धाकट्या भावाची, म्हणजे आमच्या मेहुण्यांची, लॉन्ड्री आहे. कपडे पोचवायच्या त्यांच्या व्हॅनला कोणीतरी मागून ठोकलं. मागच्या बाजूचा चेंदामेंदा झाला, पण पुढचं इंजिन ठणठणीत. मेहुणे येऊन म्हणाले, "भावोजी, हे टाकू की आत्याबाईच्या पोटात!" कपडे धुवायची दोन मशीनं स्वतः दुरुस्त केल्यापासून ते स्वतःला इंजिनिअर समजतात. मीही हुरळलो. घरामागच्या शेडमध्ये आम्ही कामाला लागलो. ते इंजिन आणि आत्याबाईचा जुना गिअरबॉक्स एकमेकांना जोडायला मी जाड लोखंडाची चकती कापली. एकही भोक केसभर इकडेतिकडे नाही. मोजमाप हा माझा धंदा आहे, त्यात मी कोणाचं ऐकत नाही.

सगळं बसलं. इंजिन पहिल्याच झटक्यात सुरू झालं. आम्ही एकमेकांना मिठी मारली. मेहुणे ऐटीत आत बसले, पहिला गिअर टाकला आणि "हटा, हटा!" असं समोरच्यांना ओरडत थेट मागे गेले. डॉक्टरांचं फाटक तिथेच होतं.

झालं होतं असं, की व्हॅनचं इंजिन जुन्या इंजिनाच्या उलट दिशेला फिरत होतं. त्यामुळे पुढे नेणारे चारही गिअर आत्याबाईला मागे नेऊ लागले आणि रिव्हर्सचा एक तेवढा पुढे. इंजिन कुठे फिरतं हे बघायचं काम मेहुण्यांचं होतं, कारण इंजिन त्यांचं. मेहुण्यांचं म्हणणं, गिअरबॉक्सला ते कसं फिरलेलं हवं हे बघायचं काम माझं, कारण गिअरबॉक्स माझा. दुरुस्ती अगदी सोपी. गिअरबॉक्स उघडायचा, आतलं एक मोठं दातेरी चाक उलट बाजूने बसवायचं, संपलं. पण जो उघडेल त्याने चूक कबूल केली, असं दोघांच्याही डोक्यात पक्कं बसलं. म्हणून नऊ वर्षं गिअरबॉक्स बंद आहे आणि आमचं बोलणंही.

कलम ५. भांडणात पत्नीने कोणाचीच बाजू घेतली नाही, किल्ली घेतली. ती गाडी चालवायला शिकलीच मुळी या उलट्या आत्याबाईवर. सुसाट जायचं असेल तर ती उलटी जाते, आणि घाई नसेल तर तोंड पुढे करून चालत्या माणसाच्या वेगाने. एकदा हवालदाराने अडवलं. "काय बाई, रिव्हर्समध्ये कुठे निघालात?" ही म्हणाली, "साहेब, मी पुढेच चाललेय. तोंड तेवढं मागे राहिलंय." त्याने डोक्यावरची टोपी काढली, परत घातली आणि आम्हाला जाऊ दिलं.

अलीकडे तिची मान वळत नाही. डॉक्टरांनी पट्टा दिला आहे. म्हणून मी मागच्या सीटवर उलटा, गुडघे टेकून बसतो, काचेला नाक लावतो आणि ओरडतो, "डावीकडे घे, अजून डावीकडे, अगं सायकल!" वाचनालय, बाजार, मुलीचा दवाखाना, सगळीकडे आम्ही असेच जातो. लोक हसतात. मला आयुष्यात याहून जास्त मजा कशातच आली नाही, हे इथे लिहून ठेवतो.

मला मरायची भीती वाटत नाही. मी गेल्यावर हिच्यासाठी मागे कोण बघणार, याची वाटते. "गाडी विकून टाकू का?" असं एकदा विचारून पाहिलं. तिने जेवणाचं ताट माझ्यासमोर ठेवलं नाही, आदळलं. तो विषय पुन्हा काढलेला नाही.

तेव्हा: गाडी पत्नीला. चहाचं टेबल, म्हणजे मूळ इंजिन, मुलाला. "मूळ इंजिन बसवलं तर जुन्या गाड्यांचे शौकीन उड्या मारतील" असं तो सारखा म्हणतो. त्याने टेबल न्यावं आणि स्वतः उड्या माराव्यात.

व्हॅनचं इंजिन. त्याचा कागद कुठेच नाही, त्यामुळे कायद्याने ते गाडीचं, म्हणजे माझं. पण ते मेहुण्यांचं आहे हे मला माहीत आहे. "भावोजी गेले की माझं इंजिन काढून नेणार," असं ते मुलीच्या घरी सगळ्यांसमोर बोलले आहेत. तर घ्या. मी ते त्यांना देत आहे. लबाडी करून मला मरायचं नाही. फक्त काढण्याआधी बहिणीच्या तोंडाकडे एकदा बघा.

माझी मागच्या सीटवरची जागाही मी मेहुण्यांनाच देतो. मशीनच्या खडखडाटातही त्यांचा आवाज रस्त्यापर्यंत ऐकू येतो. डावं कुठलं आणि उजवं कुठलं, एवढं त्यांना आधी कोणीतरी समजावून सांगावं.

पुरवणी. वरचं लिहून झालं, सहीसाठी डॉक्टर आणि वकीलबाई येऊन बसले आणि पुन्हा बेल वाजली. पत्नीने मला न विचारता भावाला फोन केला होता. मेहुणे दारात उभे, एका हातात जॅक, दुसऱ्या हातात पान्यांची पेटी. मनात म्हटलं, मी जिवंत असतानाच इंजिन न्यायला आले.

ते म्हणाले, "भावोजी, गिअरबॉक्स उघडू या. ताईची मान बघवत नाही. चूक कोणाची ते नंतर भांडू."

नऊ वर्षांनी मला कोणीतरी भावोजी म्हटलं. तेवढ्यात पत्नी कडाडली, "खबरदार गिअरबॉक्सला हात लावाल तर! एवढी वर्षं घालून शिकलेय मी. आता सरळ केलीत तर मी पुढे जाते म्हणून मागे जाईन आणि कोणाचा तरी जीव घेईन."

"निदान फाटक तरी नाहीये," डॉक्टर म्हणाले.

गिअरबॉक्स आहे तसा राहील. मेहुणे खुर्चीत बसले आणि त्यांनी कागद उचलून हे सगळं वाचलं. जागेचं वाक्य त्यांनी दोनदा वाचलं आणि चष्मा पुसला. दुसरा साक्षीदार म्हणून वकीलबाईंचा कारकून यायचा होता, त्याचा पत्ता नव्हता. मेहुणे म्हणाले, "मी करतो सही."

"तुम्ही नको," वकीलबाई म्हणाल्या. "साक्षीदाराला यातून काही मिळत नाही. सही केलीत की इंजिन गेलं. ते गाडीबरोबर ताईंकडेच राहील."

"आणि ती मागची जागा?"

वकीलबाईंनी थोडा विचार केला. "ती मालमत्ता नाही हो. ते काम आहे. ते घेता येतं."

मेहुण्यांनी माझ्यासमोर हात केला. "भावोजी, पेन."

हे मृत्युपत्र मी वाचून, समजून, सर्वांसमोर सही करून पुरं केलं आहे.

स्थळ: घरातलं जेवणाचं टेबल. दिनांक: पाच नोव्हेंबर, बुधवार.

लिहून ठेवणाऱ्याची सही: (केली)

साक्षीदार पहिला: शेजारचे डॉक्टर. (सही केली, ती वाचता येत नाही.)

साक्षीदार दुसरा: धाकटे मेहुणे, लॉन्ड्रीवाले. (सही केली. खाली त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलं आहे: "इंजिन ताईचं. मागे मी बघतो.")