रिकामा तराजू

प्रिय जयवंता,

पाकिटावर आधी ‘मा. नगराध्यक्षा’ लिहिलं, मग खोडलं, मग पुन्हा लिहिलं. आत मात्र तू जयवंताच. फोन असताना ही बाई कागद कशाला काळे करतेय, असं म्हणून हसशील. पण फोनवर तू बोलायला लागलीस की मला माझंच म्हणणं पटेनासं होतं. समोर असलीस तर विचारूच नको. साऱ्या गावाचं तेच होतं आणि त्यावरच तर आपण निवडून आलो. बघ, अजूनही ‘आपण’च लिहितेय.

इकडे अकोल्यात सगळं ठीक आहे. आकांक्षा बाळंतपणातून सुखरूप आहे, बाळीचं नाक आजीवर, म्हणजे माझ्यावर गेलंय, बिचारीचं पुढं कसं व्हायचं कोण जाणे. माझ्या हातांना हार ओवायची सवय, त्यामुळे दुपारी दोघी मायलेकी झोपल्या की मला करमत नाही. काल मेथी निवडत बसले आणि तुझा ठेला आठवला. रोज सकाळी फुलांची टोपली उतरवून मी आधी तुझ्याकडे यायचे, तुझी बोहनी करायला. पावशेर मिरची घेतली तरी तू आधी तराजू हातात धरून उचलायचीस, दोन्ही पारडी रिकामी, काटा मधोमध. मला राग यायचा. इतक्या वर्षांची मैत्रीण मी, मला कशाला दाखवतेस? तू म्हणायचीस, “तुले नाई दाखवला, तं बाकीच्याइले कोन्त्या तोंडानं दाखवू?”

तोच तराजू घेऊन तू आठवडी बाजारात भाषणाला उभी राहिलीस. बाकीचे उमेदवार गाड्यांतून आले आणि आपण अमरावतीहून छापून आणलेली पत्रकं एसटीच्या टपावरून उतरवत होतो. तू तराजू उंच धरलास आणि म्हणालीस, “मले निवडून देसान, तं रोज येऊन म्हना, जयवंता, रिकामा तराजू दाखव.” मी रडले होते. रडायचं काही कारण नव्हतं, पण रडले. इतक्या वर्षांत कोणी आपल्याला असं मागायला सांगितलंच नव्हतं.

आणि तू कामं केलीस, हे मी कुणाशीही भांडून सांगेन. बाजारात नळ आला, बायकांसाठी संडास झाले, नव्या ओट्यांवर छप्पर आलं. म्हणून तर माझा गोंधळ होतो. तू वाईट निघाली असतीस तर किती सोपं झालं असतं.

ओट्यांच्या चिठ्ठ्या सगळ्यांसमोर काढू, असं तू म्हणाली होतीस. मी इकडे यायला निघाले त्याच्या आदल्या दिवशी थेट यादीच लागली. एक नंबरचा ओटा, फाटकाजवळचा, माझा. पुढचे दहा ओटे तुझ्या प्रचारात फिरलेल्या बायकांचे. आणि मेथीवाल्या मैनाबाईला सगळ्यात मागचा, संडासाच्या भिंतीला लागून. तिचा भाचा समोरच्या पार्टीत होता, एवढाच तिचा गुन्हा. खरं सांगू? यादी पाहून मला आनंद झाला. बसमध्ये मी मनातल्या मनात ओट्यावर फुलं मांडत आले, झेंडू इकडे, शेवंती तिकडे.

मग मैनाबाईच्या सुनेनं, प्राजक्तानं, आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर विचारलं की चिठ्ठ्या कधी काढल्या. मी ॲडमिन. मी तिला ग्रुपमधून काढून टाकलं. तुला बदनाम करायचा डाव आहे, असं वर लिहिलंही. पंचवीस जणींनी हात जोडले, अंगठे दाखवले. मला वाटलं, मी तुझी पाठराखण केली.

परवा मैनाबाईचा फोन आला. मला वाटलं, आता शिव्या देणार. तिनं आधी बाळीचं वजन विचारलं, बाळंतिणीला अळीव दे म्हणाली, आणि मग अगदी साध्या आवाजात विचारलं, “काहून वं रागिणी, जयवंता आता रिकामा तराजू दाखवत नाई का?”  बाळी रडतेय म्हणून फोन ठेवला. बाळी झोपली होती.

तेव्हापासून डोकं नुसतं भणभणतंय. यादी तू केलीस की नगरपालिकेच्या साहेबांनी? तुला माहीत नसेल, तर का नाही? माहीत असेल, तर ते माझ्यावरच्या मायेपोटी केलंस का? तसं असेल तर मी तुला काय बोलू? जिच्यासाठी उन्हातान्हात फिरले, तिलाच जाब विचारायचा म्हणजे बेइमानी, की न विचारणं ही बेइमानी? एका दिवसात दोन्ही पटतात, सकाळी एक, दुपारी दुसरं.

उद्या जावई किशोर तिकडे येतोय. त्याच्या पिशवीत दोन कागद आहेत. एक हे पत्र. दुसरी यादीवरची हरकत, तिची मुदत उद्या संपतेय. त्यात लिहिलंय की ओटा क्रमांक एक मला चिठ्ठी न काढता मिळाला, तो मी घेत नाही, सगळ्यांच्या चिठ्ठ्या सगळ्यांसमोर काढा. खाली माझी सही आहे, पूर्ण नावानं. प्राजक्ताला मी पुन्हा ग्रुपमध्ये घेतलं आणि माफी मागितली. रागिणी फिरली, असं लोक म्हणतील. मी फिरले का, मला खरंच कळत नाही. पुढच्या वेळीही तुझीच पत्रकं वाटेन, एवढं मात्र कळतं. किशोरला सांगितलंय, आधी हे तुझ्या हातात द्यायचं, तुझं वाचून होईपर्यंत थांबायचं, आणि मगच दुसरं नगरपालिकेच्या खिडकीवर द्यायचं. तू वाचून मला फोन करशील, बोलशील आणि मला पटेल, हे मी जाणून आहे. म्हणून उद्या दिवसभर मी फोन बंद ठेवणार आहे.

तुझीच, रोजच्या बोहनीची,
रागिणी