कडून आणि कडे

४ ऑक्टोबर

नवं गाव, नवी नोकरी आणि आईने बळेच हातात कोंबलेली ही रोजनिशी. तुझ्या पोटात काय चाललंय ते मला कधी कळत नाही, निदान वहीला तरी सांगत जा, असं तिचं म्हणणं. तर ऐका, वहीबाई. दुकान छोटं आहे पण उजेडाचं. काम एकच, बंद पडलेल्या लॅपटॉपमधून लोकांच्या फायली बाहेर काढायच्या. मालकांना सगळे मास्तर म्हणतात. ते बोलतात कमी आणि कपाळावर चढवलेला स्वतःचा चष्मा शोधतात जास्त. मला खिडकीजवळचं टेबल मिळालंय. खुर्ची कुरकुरते, पण माझ्याइतकी नाही.

टेबलावर डिस्कची प्रत काढायचं यंत्र आहे. दोन खाचा. एकीत भरलेली डिस्क घालायची, दुसरीत कोरी, आणि बटण दाबायचं. मास्तरांनी खाचांवर स्वतःच्या अक्षरात पट्ट्या चिकटवल्यात, ‘कडून’ आणि ‘कडे’. डिस्क उलट्या लागल्या तर कोरेपणाचीच प्रत निघते आणि भरलेली डिस्क साफ होते. प्रत्येकाच्या हातून एकदा तरी असं होतं, म्हणून पट्ट्या, असं ते म्हणाले. मी हसून विषय बदलला.

संध्याकाळी आईचा फोन. सुरुवात नेहमीचीच, ‘हं, बोल गं ठकू.’ बत्तीस वर्षांची घोडी झाले तरी मी आपली ठकूच.

६ ऑक्टोबर

आज टेबलावर एक करडा लॅपटॉप आला. झाकणाच्या कोपऱ्यात लाल नेलपॉलिशने काढलेलं फूल, चार पाकळ्या पुऱ्या आणि पाचवी अर्धीच. कोणी आणून दिला ते मास्तरांना आठवेना. चिठ्ठीवर एवढंच, ‘फायली हव्यात’. चार्जर बदलून पाहिला. बॅटरी काढून बटण अर्धा मिनिट दाबून धरलं. रॅमची टोकं खोडरबराने घासून परत बसवली, बाहेरचा स्क्रीन जोडला. ढिम्म. बोर्ड जळालाय. डिस्क मात्र धडधाकट दिसते.

फूल कुठेतरी पाहिल्यासारखं वाटलं. असतील अशी फुलं पुष्कळ.

७ ऑक्टोबर

वहीशी कसलं खोटं बोलायचं? फूल मी पहिल्या क्षणाला ओळखलं होतं.

तीन वर्षांपूर्वी, जुन्या दुकानात, एक मावशी हा लॅपटॉप घेऊन आल्या होत्या. तरणीताठी मुलगी अपघातात गेली होती. तिचे फोटो, तिचा आवाज, सगळं यातच होतं. बोर्ड तेव्हाही बंदच होता. मी घाईत होते आणि डिस्क उलट्या लावल्या. दहा मिनिटांत मुलगी पुसली गेली. कबूल करायची हिंमत झाली नाही. मावशींना सांगितलं, तुमच्या मुलीनेच सगळं पुसलं होतं.

त्या लॅपटॉप पदराखाली घेऊन गेल्या. आपल्यापासून लेकीने काय लपवलं, हाच घोर त्यांनी घेतला, अन्नपाणी सोडलं आणि चार महिन्यांत गेल्या. हे मला मागाहून कळलं. चूक कोणाच्या हातून होत नाही? पण ते वाक्य चूक नव्हतं. ते मी शुद्धीत बोलले.

डिस्क कोरी आहे हे माझ्याशिवाय कोणाला ठाऊक असणार? उद्या यंत्राला लावते, मास्तरांना कोरी दाखवते आणि मोकळी होते.

८ ऑक्टोबर

पट्ट्या दोनदा वाचून डिस्क ‘कडून’मध्ये घातली. काहीच सापडायला नको होतं. फायली येत आहेत. नावं गेलेली, नुसते आकडे. आमच्यात एखादी उघडून तपासायची पद्धत आहे, म्हणून पहिली उघडली.

फोटो. ओट्यावर बसलेली लहान मुलगी, पिवळा फ्रॉक, गुडघा खरचटलेला. ती मी आहे. असा फोटो कोणी कधी काढलेला नाही.

आईला फोन करून विचारलं. ती खुशीत सांगत बसली, पिवळाच फ्रॉक, तू पडलीस तेव्हा मी तुला ओट्यावर बसवून हळद लावली होती. फोन ठेवल्यावर तो ओटा डोळ्यांसमोर आणून पाहिला. आला नाही. ते अख्खं घरच येईना.

९ ऑक्टोबर

सकाळी पाहिलं तर मावशींची डिस्क ‘कडे’मध्ये. मी हात लावलेला नाही. ‘कडून’ची खाच रिकामी, आणि तरी आकडा चढतोय. एकेचाळीस टक्के.

प्लग उपटला. आकडा चढतोच आहे. मास्तरांना बोलावलं. त्यांना यंत्र बंदच दिसतं. घरी जाऊन पड जरा, म्हणाले. घराचा पत्ता चिठ्ठीवर लिहून मागावा लागला. ते माझ्याकडे बघतच राहिले.

१० ऑक्टोबर

त्र्याहत्तर.

‘कडून’ची पट्टी खाचेवर नाही. माझ्या मनगटावर आहे. निघत नाही — नखाने, गरम पाण्याने — खाली कातडी निघाली, पट्टी तशीच.

फायलींत एकीला नाव आहे. ‘उत्तर’. उघडली. दोन ओळी.

‘मी काही पुसलं नव्हतं. माझी आई तुझ्या बोलण्याने मेली.’

माफी मागितली. मोठ्याने. हात जोडून. आकडा एकदाही थांबला नाही.

११ ऑक्टोबर

अठ्ठ्याण्णव. एक फाइल आवाजाची.

‘हं, बोल गं ठकू.’

बाईचा आवाज. मायाळू. पुन्हा पुन्हा लावला. रडू आलं, का ते कळेना. कोण असेल ही? आणि ठकू —

वहीचं पहिलं पान वाचलं. तिथे लिहिलंय. वाचून कळतं, पण आठवत —

१२ ऑक्टोबर

शंभर. यंत्र थांबलं.

दुकानात एक बाई आल्या आहेत. चष्मेवाल्या गृहस्थांनी बोलावून घेतलं म्हणे. माझा हात धरून रडतात. म्हणतात मी तुझी आई, तुला काहीच कसं आठवत नाही, कोणी केलं हे. चांगल्या घरच्या दिसतात. काहीतरी सांगायला हवं त्यांना. आत शोधते तर सगळं कोरं. एकच वाक्य शिल्लक आहे. तेवढं नेलेलं नाही तिने. तोंडात येतंय — नको — लिहून ठेवते म्हणजे बोलावं लागणार नाही —

बोलते आहे मी —

तुमच्या मुलीनेच सगळं पु