ऑर्व्हिलचा नववा नोझल

शनिवार, ११ एप्रिल

ऑर्व्हिल टॅकेट पुन्हा हजर! कागदी पिशवीत डिझेल इंजिनात इंधन फवारणारा एकच नोझल. "नदीनबाई, इंजिनाचा आवाज बरा येत नाही. बघा जरा." आठही एकदम आणा म्हटलं तर म्हणतो, "बाकीचे ठणठणीत आहेत." दर शनिवारी बाकीचे ठणठणीत!

तपासणी यंत्रावर लावला. फवारा सरळ, बारीक. एक थेंब गळत नाही. चिठ्ठीवर लिहिलं – उत्तम. तर गृहस्थाचा चेहरा पडला! गेल्याच आठवड्यात एकाच्या सबंध पंपाला मी 'भंगार' लिहिलं, तोही इतका हिरमुसला नव्हता.

सोमवार, १३ एप्रिल

माझ्या लेकीचा, गेलचा, ट्यूसन शहरातून फोन. "आई, पुरे झालं ते दुकान. तुझी खोली तयार आहे." हो म्हटलं. लेकीला किती वेळा नाही म्हणायचं? तपासणी यंत्राला ओहायोचं गिऱ्हाईक मिळालंय, हेन्स्ले नावाचं. यंत्र गेलं की दुकानाला कुलूप.

बर्ल असता तर काय म्हणाला असता? "चालेल." माझ्या नवऱ्याला सगळंच चालायचं – झिजलेलं, तडकलेलं, गंजलेलं. म्हणून तर निकाल मी द्यायची आणि गप्पा तो मारायचा. मी 'भंगार' म्हटलं की केंटकीतले धिप्पाड बाप्ये घरी जाऊन रडतात म्हणे. रडोत! खोटं 'उत्तम' देऊन कोणाचं इंजिन जाळू?

शनिवार, १८ एप्रिल

आज कमाल झाली! ऑर्व्हिलने काळाकुट्ट नोझल आणला. पुसायला घेतला तर वास बेकनचा! तव्यावरची चरबी फासलेली. खाली माझीच खूण – पास केलेल्या प्रत्येक नोझलवर मी बारीक टिंब कोरते. त्याच्या गाडीत नोझल आठ. आठही मी पास केलेत. मग हा नववा कुठून उगवला? त्या आठांतलाच एक, काळा करून आणलेला!

चेहरा गंभीर ठेवून विचारलं, "ऑर्व्हिल, तुमचं इंजिन हल्ली नाश्ता करतं का?"

कान लालभडक. "गाडी... स्वयंपाकघराच्या खिडकीखाली लावतो."

पुन्हा तपासला. पुन्हा उत्तम. जाताना दाराशी थबकून म्हणाला, "ट्यूसनला उन्हाळा फार कडक असतो म्हणतात." मी म्हटलं, असतो. याला कोणी सांगितलं? मॅक्सीनच! माझ्या बहिणीच्या तोंडात तीळ भिजत नाही.

रविवार, १९ एप्रिल

चर्चनंतर मॅक्सीनला बेकनची गंमत सांगितली. हसली नाही. "अगं, सुईएवढ्या भोकातला दोष दिसतो तुला, आणि समोरचा माणूस दिसत नाही?"

म्हटलं, वय झालंय त्याचं, विसरतो.

"विसरतो? आणि शनिवार बरा लक्षात राहतो!"

रागाने तिने केलेला ॲपल पायसुद्धा खाल्ला नाही. घरी आल्यावर वाईट वाटलं. शनिवारी मी केस नीट करून दुकान उघडते, हे खरं आहे. झालं. लिहून टाकलं.

बुधवार, २२ एप्रिल

यंत्र पुसलं, चालवून बघितलं. काटे स्थिर, पंपाला गळती नाही. दृष्ट काढावी असं आहे. हेन्स्ले निघण्याआधी फोन करणार.

शनिवार, २५ एप्रिल

ऑर्व्हिल रिकाम्या हाताने आला! "खोकी उचलायला माणूस लागेल, म्हटलं." दिवसभर निमूटपणे बांधाबांध केली. दुपारी पायरीवर बसून सँडविच खाल्ली. मला त्याच्याकडे बघवेना.

जाताना म्हणाला, "गाडी विकून टाकतो आता."

माझा पाराच चढला. "काहीतरीच काय! आठही नोझल उत्तम आहेत. मी स्वतः सांगितलंय ना?"

"ते मला पहिल्यापासून माहीत होतं, नदीनबाई."

आणि गेला.

सोमवार, २७ एप्रिल

सकाळी हेन्स्लेचा फोन. "यंत्राची अवस्था कशी आहे? तुमच्या शब्दावर ट्रक घेऊन निघतो."

मी म्हटलं, "भंगार आहे हो. येऊ नका."