खाडी गुलाबी केल्याच्या नोटिशीस उत्तर

प्रति,
मा. किनारा आरोग्य अधिकारी,
किनारा कार्यालय, खाडीचा बांध.

विषय : खाडीचे पाणी रंगवल्याचा गुन्हा कबूल असल्याबाबत, तसेच आपल्या सेप्टिक टाकीबाबत.

संदर्भ : १) आपली नोटीस, जावक क्र. ११४.
२) अर्जदाराचे यापूर्वीचे सात अर्ज, ज्यांच्या उत्तरांना जावक क्रमांक मिळण्याचा योग अद्याप आलेला नाही.

महोदय,

अर्जदार ही खाडीत शिंपल्या वेचणारी बाई असून तिला लिहिता येत नाही. सबब हा अर्ज आपल्याच व्हरांड्यात बसणाऱ्या अर्जलेखकाने तिच्या सांगण्यावरून लिहिला आहे. यातील सभ्य शब्द लेखकाचे समजावेत.

अर्जदारासह एकेचाळीस बायका बांधाखालच्या चिखलात ओहोटीला शिंपल्या वेचून घर चालवतात. मागच्या दोन वर्षांत बांधावर घरे, लॉज, खानावळी उठल्या. प्रत्येकाने सेप्टिक टाकी बांधली, म्हणजे खड्डा खणून वर झाकण ठेवले. त्याला बूड आहे की नाही हे बघायची तसदी कुणी घेतली नाही, आणि आपण तर नाहीच नाही. पुढे चिखलाला वास सुटला. अर्जदाराच्या थोरल्या जावेला शिंपल्या खाऊन कावीळ झाली, ती दोन महिने अंथरुणाला खिळली. शिंपल्यांत मैल्याचे पाणी गेले आहे, असे डॉक्टरांनी स्वच्छ सांगितले. आपण तातडीने उपाय केलात. शिंपल्या वेचण्यावर बंदी घातलीत. टाक्यांच्या केसालाही धक्का लागला नाही.

आता नियम असा की, ज्या जागेत हंगामभर वेचणी झाली नाही ती जागा आपल्या वहीतून कायमची कमी होते. हंगाम या महिनाअखेर संपतो. म्हणजे घाण दुसऱ्यांची, बंदी आपली, आणि जागा जाणार ती आमची.

आपला नमुने घेणारा माणूस महिन्यातून एकदा न चुकता भर भरतीला येतो, बांधावरून दोरीने बाटली सोडतो आणि समुद्राचे ताजे पाणी भरून नेतो. ओहोटीला या, असे अर्जदाराने हात जोडून सांगितले. त्यावर तो म्हणाला, "बाई, चिखलात बूट खराब होतात. आणि पाणी काय, पाणीच असतं." अहवाल अर्थातच उत्तम येतो. पाणी शुद्ध आहे म्हणून टाक्या चालू, पाणी घाण आहे म्हणून वेचणी बंद. दोन्ही हुकूम एकाच टेबलावरचे आणि एकाच सहीचे आहेत. त्या सहीला काही वाटत नसावे.

गेल्या मंगळवारी अर्जदार सातव्या अर्जाची चौकशी करायला आली. साहेब मीटिंगमध्ये आहेत, असे सांगून तिला चार तास बाकावर बसवण्यात आले. मग तिने संडास विचारला. शिपाई माणूस भला, त्याने दाखवला. अर्जदाराचा भाऊ कापड रंगवण्याच्या कारखान्यात आहे. त्याने दिलेली रंगाची पुडी तिच्या कमरेला होतीच. कुणाची टाकी गळते ते एकदाचे बघू, आणि सुरुवात मोठ्या माणसांपासून करू, असा तिने विचार केला. चिमूटभर पुरेल, असे भावाने बजावले होते. अर्जदाराने अख्खी पुडी ओतली. ती दीडशे चादरींची होती. एवढी चूक तिला मान्य आहे.

अर्ध्या तासात बांधाच्या पोटातून गुलाबी धार निघाली आणि आमच्या शिंपल्यांवरून वाहत गेली. चाळीस जणी काठावर उभ्या राहून बघत होत्या. कुणी हसले नाही. दोन वर्षे आम्ही कशात हात घालत होतो, हे प्रत्येकीला कळत होते. थोरली जाऊ तर तिथेच बसून रडली.

संध्याकाळी आपला पांढरा कुत्रा रोजच्याप्रमाणे पोहायला गेला आणि गुलाबी होऊन घरी आला. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला नोटीस अर्जदाराच्या दारात हजर. जावेच्या काविळीने जे झाले नाही ते कुत्र्याच्या रंगाने झाले. कार्यालयात टाइप करणारे कुणी जिवंत आहे हे कळून अर्जदाराला बरे वाटले. नोटिशीत "अज्ञात मार्गाने रंगीत द्रव सोडला" असे लिहिले आहे, तेवढी दुरुस्ती करावी. मार्ग अज्ञात नाही. आपण रोज सकाळी तिथेच जाता.

अर्जदाराला संताप आला आहे, आणि लेखकाने तो मऊ करून लिहू नये अशी तिची ताकीद आहे.

तरी विनंती की, प्रथम आपली आणि मग बांधावरची प्रत्येक टाकी उपसून नव्याने बांधावी, आणि ते होईपर्यंत आमची जागा वहीत कायम ठेवावी. आपली टाकी बांधून होईस्तोवर कार्यालयाच्या संडासावर बंदी राहील. आमच्यावर बंदी घालताना आपण रातोरात कागद चिकटवलात, कुणाच्या घरी काय शिजेल हे विचारले नाहीत. आम्ही इतक्या निर्दय नाही, म्हणून एक दिवस आधी कळवत आहोत. उद्या सकाळपासून एकेचाळीस जणी त्या दारात बसतील. वेचणी बंद असल्यामुळे सगळ्यांना वेळच वेळ आहे.

आपली, अजूनपर्यंत तरी नम्र,
(डाव्या हाताचा अंगठा)
शिंपल्या वेचणारी बाई

दिनांक : ९ मार्च

सोबत : १) आपल्या नोटिशीची प्रत.
२) बाकीच्या चाळीस जणींचे अंगठे.