दहाव्या घराचा नंबर

तारगो, २२ ऑगस्ट

प्रिय आचे,

अकरा वर्षांत तुला पहिलं पत्र लिहितेय आणि तेही भांडून आल्यावर. तुझी धाकटी बहीण गाईड झाली, हे मनालीत तुझ्या कानावर आलं असेलच. तीन दिवसांचा ट्रेक, चार गावं, दोन खिंडी. पाहुणे धापा टाकत वर येतात आणि खिंडीत पोचले की डोंगर आपणच बांधल्यासारखे फोटो काढतात. मला हे काम आवडतं. आपल्या वडिलांचं, आबा-लेंचं म्हणणं, पोरीच्या जातीने परक्यांच्या पुढे चालू नये. मी म्हणते, मागे चालले तर ते वाट चुकतील.

तू गेलीस तेव्हा गावात पाहुण्यांना घरी ठेवायची पद्धत नव्हती. आता आहे. यंदा गावचे प्रमुख, गोबा, आबा-लेच, त्यामुळे गावाची सगळी भांडणं आपल्या चुलीपाशी आणि पाहुण्यांची यादी आपल्या दारावर. या खेपेला एका घरी पाहुणे, पुढच्या खेपेला शेजारच्या. कुणी कुणाचे पळवायचे नाहीत. नियम चांगला आहे. फक्त गावात घरं दहा आणि यादीत नऊ. नववं झालं की परत पहिलं, म्हणजे आपलं. दहावं ओढ्याकाठचं, म्हाताऱ्या मेमे नोरफेलांचं, ज्यांचे नगारे वाजल्याशिवाय आपल्याकडे लग्न लागत नाही. वाजवणं शुभ, पण वाजवणाऱ्याचा पेला वेगळा आणि बसायची जागा रांगेत सगळ्यात खाली, दाराशी. लहानपणी मला यात काही वावगं वाटलं नाही, हे कबूल करते. तू मात्र तेव्हाही विचारायचीस, "त्यांचा पेला वेगळा का?" आणि आमा-ले म्हणायची, "चूप, पीठ मळ."

जूनमध्ये मी आबा-लेंना सरळ विचारलं, दहावं घर यादीत का नाही? "त्यांच्याकडे पाहुण्यांची खोली कुठंय?" म्हणाले. मी म्हटलं, आहे. ते उठून गच्चीवर गेले. कोणती, हे त्यांनाही ठाऊक होतं.

गेल्या मंगळवारी कोलकत्याच्या दोन निवृत्त शिक्षिकांना घेऊन मी दुपारी गावात शिरले. आधीचे पाहुणे नवव्या घरी राहून गेले होते, म्हणून आमा-लेने पीठ मळून ठेवलेलं. आबा-ले गच्चीवर जर्दाळू वाळत घालत होते. मी आपल्या दारावरून दोघींना घेऊन सरळ खाली निघाले. "अगं ए, घर विसरलीस का?" ते वरून ओरडले. "घर नाही विसरले, आबा-ले, मोजायला शिकले. नऊनंतर दहा येतात!" सगळ्या गच्च्यांवर माणसं होती. त्यांनी ऐकावं म्हणूनच मोठ्याने म्हटलं.

सगळ्यात जास्त घाबरले ते मेमे. "पोरी, या वयात मला कशाला गावाच्या तोंडी देतेस? वर घेऊन जा त्यांना." त्यांची बायको, आपली आबी, उसळली, "तुम्ही गप बसा हो! जन्मभर दुसऱ्यांच्या दारात वाजवलंत, आज आपल्या दारात कुणी आलंय." तरी मेमे सवयीने स्वतःच्याच स्वयंपाकघरात दाराशी बसले आणि मला चुलीशेजारची मानाची जागा दाखवली. मी त्यांच्याही खाली जाऊन बसले. ते आणखी खाली सरकले. मीही सरकले. शिक्षिकांना वाटलं, इथली काही रीत असावी, त्याही सरकायला लागल्या. आम्ही उंबऱ्यापर्यंत पोचलो तेव्हा आबी हसून लोटपोट. "आता थांबा, नाहीतर चहा ओढ्यात आणून द्यावा लागेल." मी मेमेंचाच पेला उचलून प्यायले. काही झालं नाही मला. चहात मीठ जास्त होतं, एवढंच.

दुसऱ्या दिवशी गाव बसलं. खाताचं पांढरं उपरणं आणि छांग दारूचा घडा घेऊन सगळ्यांसमोर मान खाली घालून माफी माग, नाहीतर तारगोत पाहुणे आणू नकोस, असा निकाल. एक जण म्हणाला, "ही पण मोठीच्याच वळणावर गेली." मी म्हटलं, "उशीर झाला, पण गेले." माफी मागितली नाही, मागणारही नाही. तेव्हापासून आबा-ले मला चुलीपाशी बसू देत नाहीत. मी ओढ्याकाठी जेवते. काल आमा-ले पाण्याला आली आणि मेमेंच्या कुंपणावर लोण्याचा गोळा ठेवून, कुणाकडे न बघता निघून गेली. तिचाही मला राग आलाय, पण लोणी ठेवून घेतलं.

आता लिहितेय का, ते सांगते. पाहुण्या झोपल्या ती खोली तुझी. मेमेंच्या जिग्मेतने लग्नानंतर तुझ्यासाठी बांधलेली, जिच्यात गावाने तुम्हा दोघांना महिनाभरही राहू दिलं नाही. तुझ्या सासऱ्यांनी तिला कुलूप घालून किल्ली तुला पाठवली होती. ते कुलूप मी तुला न विचारता फोडलं. राग आला असेल तर इथे येऊन बोल. माफी मी फक्त तुझी मागणार आहे, तीही कुलपासाठी नाही. तुम्ही निघालात त्या सकाळी अख्ख्या गावाने गच्चीवर उभं राहून तुमच्याकडे पाठ फिरवली. मी तेरा वर्षांची होते, आचे. मीही फिरवली. तू खालून मला हाक मारलीस, ती मी ऐकली होती. मंगळवारीच मी यादीत दहाव्या ओळीवर तुझं नाव लिहिलं, पद्मा लाझेस. आबा-लेंनी खोडलं. मी परत लिहिलं, त्यांनी परत खोडलं. आज सकाळी तिसऱ्यांदा लिहिलंय. मी दमणार नाही, पण मेमे-आबींच्याने आता पाहुण्यांचं पाणी भरवत नाही. खिंडी बंद व्हायच्या आत तुम्ही दोघं या. आबा-लेंना तुझं नाव खोडायचंच असेल, तर तू समोर उभी असताना खोडू देत.

या खेपेला पाठ न फिरवणारी,
तुझीच
यांगजोर