डाव्या खांद्यावरचा टॉवेल

मी, ऑर्विल लीमन स्ट्रेक, वय ७३, राहणार मेस्किट वेल्स, पश्चिम टेक्सास, एकोणतीस वर्षं कॉलेज फुटबॉलच्या बचावफळीचा कोच, हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे. दारू प्यालेलो नाही, कारण व्हर्लीन पिऊ देत नाही. दबाव कोणाचा नाही. असलाच तर नाकातल्या नळीचा. ती ऑक्सिजनच्या यंत्रापासून पोर्चच्या दुसऱ्या पायरीपर्यंत पुरते. त्यापुढचं टेक्सास माझ्यापुरतं संपलं. याआधी केलेली सर्व मृत्युपत्रं रद्द समजावीत.

१. घर, मागची जमीन आणि बँकेत असेल ते सर्व माझी पत्नी व्हर्लीन हिचं. एकोणतीस वर्षं सप्टेंबर ते डिसेंबर ती एकटी जेवली. घर विकून टाक असा सल्ला द्यायला तिचा भाऊ आला, तर त्याला कॉफी पाजून वाटेला लावावं.

२. मांस भाजायची लोखंडी भट्टी शेजारी हेक्टर ओलिवास यांस. अट एकच, मांसावर गोड सॉस ओतायचा नाही. ओतलेला दिसला तर व्हर्लीनने भट्टी परत आणावी.

३. बर्ट होल्कम, आमचे तेव्हाचे मुख्य कोच, यांना माझ्या अंत्यविधीत बोलू देऊ नये. आलेच तर शेवटच्या बाकावर बसावं. मागे राहून वाट बघण्यात त्यांचा हातखंडा आहे. हे मृत्युपत्र ज्यांच्याकडे जाईल त्या वकीलबाई फुटबॉल पाहत नाहीत, म्हणून भांडण काय ते लिहितो. हल्लीचे संघ दोन चालींमध्ये दम घेत नाहीत. एक चाल संपली की बारा सेकंदांत दुसरी. आपल्याला दमलेला माणूस बदलायलाही सवड मिळत नाही. माझं म्हणणं, अशा वेळी ब्लिट्झ करावा, म्हणजे सहा-सात जण एकदम चेंडू फेकणाऱ्याच्या अंगावर सोडावेत, त्याला विचारच करू देऊ नये. बर्टचं म्हणणं, आठ जण मागे ठेवा, समोरच्यांना थोडं थोडं पुढे येऊ द्या, कधीतरी चुकतीलच.

"ऑर्विल, तू जुगारी आहेस."

"आणि तू घर जळत असताना बादल्या मोजत बसणारा!"

नऊ वर्षं आमचं हेच चाललं.

४. आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. २००९ चा नोव्हेंबर, कॉपर रिजशी सामना. पूर्वार्धात मी ब्लिट्झ केला आणि तीन वेळा चेंडू आमच्या डोक्यावरून मागे गेला, तीन वेळा मार खाल्ला. मध्यंतरात बर्टने माझ्या हातातले कागद काढून घेतले. "आता सगळे मागे," म्हणाला. मागे राहिलो, तर ते चार-चार यार्ड कुरतडत राहिले. एकदा तर सलग सतरा चाली. माझी पोरं मैदानातच अडकली, उभं राहवेना कोणाला. इकडे आड, तिकडे विहीर. मग मी टॉवेल काढला.

माझ्या डाव्या खांद्यावर टॉवेल पडला की डेल्विन ओट्सने पायात गोळा आल्याचं सोंग करून आडवं व्हायचं, अशी आमची खूण होती. पंच घड्याळ थांबवायचे, बाकीच्यांना श्वास मिळायचा. हे बरेच जण करायचे आणि कबूल कोणीच करायचं नाही. डेल्विन आमच्या गावचाच, एकवीस वर्षांचा. दोनदा खुणेवर पडला. तिसऱ्यांदा पडला तेव्हा टॉवेल माझ्या हातात होता. मला वाटलं, शहाणा झाला, आपल्या डोक्याने पडतोय. नियमाप्रमाणे तो एक चाल बाहेर आला.

"कोच, ह्या वेळी खरं आहे. गुडघा."

"बास झालं सोंग. आत जा!"

तो गेला. दोन चालींनंतर गुडघा कायमचा गेला. मीच त्याला खोटं पडायला शिकवलं, म्हणून त्याचं खरं पडणं मला ओळखता आलं नाही. याची मला लाज वाटते.

चौकशीत मी सांगितलं की सोंगाची कल्पना त्याची. तशीच कबुली लिहून कॉलेजने पुढे केलेल्या कागदावर त्याने गुडघ्याच्या ऑपरेशननंतरच्या गुंगीत, न वाचता सही केली. त्याची शिष्यवृत्ती गेली. मला नवा करार मिळाला आणि सरावाच्या इमारतीला माझं नाव. गाव त्याला अजून 'लोळ्या' म्हणतं. त्याला शाळेच्या पोरांचा कोच व्हायचं आहे. शाळामंडळाने दोनदा नकार दिला, लोळ्याच्या हाती पोरं कशी द्यायची म्हणून. तिसरा अर्ज येत्या मंगळवारी आहे. आणि हा बाबा दर शनिवारी येऊन माझं गवत कापतो! तो लंगडत वळला की मी पेपर तोंडासमोर धरतो.

तरी नोंद व्हावी, की टॉवेल माझा होता, खूण माझी होती, त्याला आत मी पाठवलं. हे कलम <s>माझ्या मृत्यूनंतर</s> मंडळासमोर मोठ्याने वाचावं.

५. इथवर लिहून झालं आणि व्हर्लीनने साक्षीदार म्हणून डेल्विनलाच हाक मारली.

"दुसरं कोणी बघ ना," मी म्हणालो.

"का? त्याला काय सही येत नाही?"

तो हात पुसत पोर्चवर आला. मी म्हणालो, "वाचायची गरज नाही रे, नुसती सही कर."

"तशी एकदा केली, कोच. आता वाचतो."

उभ्यानेच वाचलं. मला उठून आत जायचं होतं, पण नळी खुर्चीच्या पायात अडकली होती.

"माझा अर्ज मंगळवारी आहे," तो म्हणाला. "तुम्ही त्याआधी मरणार आहात का?"

"लेका, ह्या गावात माझं..."

"जन्मभर आमच्यावर ओरडलात, तुटून पडा म्हणून. आणि स्वतः आठ जण मागे ठेवून मरणाची वाट बघताय. हा तर होल्कमचा डाव झाला."

व्हर्लीनने त्याच्या हातातला कागद घेऊन वाचला. तिलाही हे आजच कळलं. डेल्विन परत गवत कापायला गेला. अर्धं राहिलं होतं.

६. म्हणून कलम चारमधले 'माझ्या मृत्यूनंतर' हे शब्द मी खोडले आहेत, बाजूला माझी सही आहे. कलम मीच वाचीन, येत्या मंगळवारी संध्याकाळी सातला. मंडळ एका माणसाला तीन मिनिटं देतं. हातात धरायचं सिलिंडर दोन तास टिकतं. मला भीती वाटते, हे लिहून ठेवतो. इमारतीवर माझं नाव लागलं तेव्हा ज्यांनी टाळ्या वाजवल्या तेच समोर बसलेले असतील, आणि तिथून पळायला मला दम नाही. व्हर्लीनला अंधारात गाडी चालवताना दिसत नाही, कोणाला तरी विचारावं लागेल. मंगळवारच्या आधी मी गेलोच, तर हा कागद डेल्विनला वाचायला लावू नये. त्याने पुष्कळ सोसलं. व्हर्लीनने वाचावा.

वरील सर्व मजकूर माझा, हस्ताक्षर माझं, शनिवार, १२ ऑक्टोबर २०१९, मेस्किट वेल्स येथे, घराच्या पोर्चवर.

(सही) ऑर्विल एल. स्ट्रेक

साक्षीदार, दोघांनी माझ्यासमोर सह्या केल्या:

(सही) लुईस ट्रॅमेल, गावची टपालवाली

(सही) डेल्विन ओट्स. गाडी मी आणतो. साडेसहाला तयार राहा, कोच.